आपल्या गावाची लोकसंख्या आणि गावातल्या भाषा कशा शोधायच्या आणि नीट कशा लिहायच्या

गावाबद्दल काहीही लिहायची वेळ आली, शाळेच्या शताब्दीचं पुस्तक असो, ग्रामपंचायतीसमोरचा फलक असो नाहीतर यात्रेची पत्रिका असो, दोन ओळी ठरलेल्या असतात, लोकसंख्या अमुक अमुक आणि भाषा मराठी. पहिली ओळ कुठल्या वर्षाची ते कोणी लिहीत नाही आणि दुसरी ओळ कोणी तपासत नाही. मी आमच्या गावाचं आणि शेजारच्या तीन गावांचं हे काम करून बसलोय, चुका भरपूर केल्यात, त्यामुळे ज्यांना आपल्या गावाचं करायचंय त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. गावाची लोकसंख्या कागदावर मिळते, ती शोधायची असते. गावाच्या भाषा कागदावर मिळत नाहीत, त्या दारोदार जाऊन विचाराव्या लागतात. लोक नेमकं उलटं करतात, लोकसंख्या अंदाजाने सांगतात आणि भाषा कागदावरून उतरवतात.

गाव म्हणजे नक्की काय ते आधी ठरवा

हे वाटतं तेवढं सोपं नाही. आपण ज्याला गाव म्हणतो ते, महसुली गाव आणि ग्रामपंचायत या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. जनगणना मोजते ती महसुली गावानुसार, म्हणजे ज्याचा स्वतंत्र सातबारा आणि शिवार आहे ते गाव, आणि त्या शिवारात येणाऱ्या सगळ्या वाड्या, वस्त्या, तांडे, पाडे त्याच आकड्यात जमा होतात. गट ग्रामपंचायत असेल तर दोन-तीन महसुली गावं मिळून एक पंचायत असते, मग पंचायतीचा आकडा वेगळा आणि गावाचा वेगळा. आमच्या शेजारच्या एका गावात फलकावर पंचायतीचा एकूण आकडा गावाचा म्हणून रंगवलेला होता, दोन गावांची बेरीज एका गावाच्या नावावर, आणि कित्येक वर्षं सगळे अर्जांमध्ये तोच लिहीत होते.

तेव्हा पहिलं काम, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जाऊन शिवाराची हद्द समजून घ्या, आणि कुठली वाडी आत, कुठली बाहेर याची यादी करा. ओढ्यापलीकडची वस्ती आपली वाटते पण शिवार दुसऱ्या गावाचं असतं, असं खूपदा निघतं.

नावाचा घोळ पण इथेच सोडवून टाका. महाराष्ट्रात पिंपरी, वडगाव, पिंपळगाव ही नावं किती आहेत त्याला हिशोब नाही, आणि त्यात बुद्रुक आणि खुर्द. जनगणनेच्या इंग्रजी यादीत बुद्रुकला बी के आणि खुर्दला के एच असं लिहिलेलं असतं, स्पेलिंगही कसंही असतं, त्यामुळे नावावर विसंबू नका, कोड नंबर धरा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलाय, महाराष्ट्राचा राज्य कोड २७ आहे, तो सहा आकडी कोड एकदा वहीत लिहून ठेवला की मग कुठल्याही फाईलमध्ये आपलंच गाव आहे याची खात्री होते.

लोकसंख्येचा आकडा कुठून घ्यायचा

जनगणना कार्यालयाच्या वेबसाईटवर प्रत्येक जिल्ह्याचं 'डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक' पीडीएफमध्ये फुकट मिळतं. त्याचे दोन भाग असतात. भाग अ मध्ये गावात काय सोयी आहेत, शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, आणि भाग ब मध्ये गाववार माणसांचे आकडे. आपल्याला मुख्यतः भाग ब लागतो. एक्सेल हवं असेल तर 'प्रायमरी सेन्सस अ‍ॅबस्ट्रॅक्ट' नावाची फाईल शोधा, त्यात गावाची एक ओळ आणि पुढे बरेच कॉलम असतात, घरं किती, एकूण माणसं, पुरुष, बायका, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती, जमाती, साक्षर, आणि मग कामाचे प्रकार, शेतकरी किती, शेतमजूर किती वगैरे.

जिल्हा निवडताना सांभाळा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे २०११ च्या पुस्तकात डहाणू, जव्हार, मोखाड्याची गावं ठाण्यात सापडतील. नंदुरबार आणि वाशीम १९९८ चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे, म्हणजे १९९१ चा आकडा हवा असेल तर नंदुरबारचं गाव धुळ्यात शोधायचं, वाशीमचं अकोल्यात, हिंगोलीचं परभणीत, गोंदियाचं भंडाऱ्यात. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर ही नावं नवीन आहेत, २०११ च्या फाईल जुन्या नावांनीच आहेत. तालुके पण फुटलेत, त्यामुळे गाव सापडलं नाही म्हणून घाबरून जाऊ नका, जुन्या तालुक्यात बघा.

गावाची ओळ सापडली पण आकडा शून्य, असंही होतं. त्याला आपल्याकडे बेचिराग गाव म्हणतात, सातबारा आहे, शिवार आहे, पण वस्ती नाही. धरणात गेलेली, कधीकाळी रोगराईत उठलेली किंवा नुसती शेजारच्या गावात सरकलेली. तुमच्या शिवाराला लागून असं एखादं असेल तर त्याचीही एक ओळ लिहाच, म्हाताऱ्या माणसांना ती कुठे होती हे अजून ठाऊक असतं. आणि गाव मोठं असेल आणि गावांच्या यादीत मिळतच नसेल तर शहरांच्या यादीत बघा, कारण ५,००० च्या वर वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर, असं असलं की जनगणना त्याला शहर धरते, कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी.

जुने आकडे हवे असतील तर १९५१ पासूनची जिल्ह्यांची हँडबुकं स्कॅन करून ठेवलेली आहेत, तीही मिळतात. १९५१, ६१, ७१ असं करत २०११ पर्यंतचे आकडे एका कागदावर उतरवून काढले की गावाची गोष्टच समोर येते, कुठल्या दहा वर्षांत लोक निघून गेले, कुठल्या दहा वर्षांत कालवा आला म्हणून वाढले. मला तर हा सगळ्यात आवडता भाग आहे, एक संध्याकाळ जाते पण जाऊ द्या.

आकडे वाचताना होणाऱ्या चुका

एक उदाहरण घेऊ, गाव काल्पनिक आहे. समजा घरं २६२, एकूण माणसं १,२४०, पुरुष ६३४, बायका ६०६, ० ते ६ वयाची मुलं १४८, साक्षर ८१०.

लिंग गुणोत्तर म्हणजे हजार पुरुषांमागे बायका, ६०६ भागिले ६३४ गुणिले १,०००, उत्तर ९५६. साक्षरता काढताना मात्र जवळजवळ सगळे चुकतात, ८१० भागिले १,२४० करतात आणि ६५ टक्के लिहून मोकळे होतात. जनगणनेत सात वर्षांखालचं पोर साक्षर धरतच नाहीत, म्हणून ते एकूणातून वजा करायचं, १,२४० वजा १४८ म्हणजे १,०९२, आणि ८१० भागिले १,०९२ म्हणजे ७४.२ टक्के. नऊ टक्क्यांचा फरक पडला बघा, गाव उगाच मागासलेलं दिसलं असतं.

तुलनेला २०११ चे महाराष्ट्राचे आकडे जवळ ठेवा, एकूण लोकसंख्या ११,२३,७४,३३३, लिंग गुणोत्तर ९२९, साक्षरता ८२.३ टक्के. ० ते ६ वयातलं मुलींचं प्रमाण राज्यात हजाराला ८९४ होतं, आपल्या गावचं ते काढून बघाच, पण लहान गावात हा आकडा फार उड्या मारतो हे लक्षात ठेवा, दीडशे पोरांत दहा इकडचे तिकडे झाले की गुणोत्तर शंभराच्या वर हलतं, त्यामुळे त्यावरून गावाला शाबासकी किंवा शिक्षा देऊ नका.

आणि २०११ चा आकडा टक्केवारीने वाढवून 'आजची लोकसंख्या' काढायचा मोह टाळा. २००१ ते २०११ मध्ये राज्य १६ टक्क्यांनी वाढलं, पण त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गही कमी झाला. तिथल्या एखाद्या गावाला १६ टक्के जोडले तर बंद घरात माणसं बसवल्यासारखं होईल.

फेब्रुवारीतला आकडा

हे कुठं लिहिलेलं मला आधी सापडलं नव्हतं, गाव फिरताना कळलं. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी झाली, मग १ ते ५ मार्चला फेरतपासणी. नियम असा की माणूस नेहमी जिथे राहतो तिथे त्या दिवसांत कधीतरी हजर असला तर तिथे मोजायचा, पण पूर्ण मुदतभर बाहेर असेल तर जिथे असेल तिथे. आता विचार करा, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे बीडकडच्या ज्या गावातली अर्धी घरं फडावर जातात त्या गावाचा आकडा फेब्रुवारीत अर्धवट येतो, आणि कारखान्याच्या बाजूच्या गावांचा फुगतो. वीटभट्टीला जाणाऱ्यांचं तेच. कोकणात चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात येतात, फेब्रुवारीत घरी म्हातारी माणसं आणि सुना, म्हणून तर रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका दिसतात.

म्हणून गावाचा आकडा लिहिताना शेजारी एक ओळ हवीच, की वर्षातले कुठले महिने गाव भरलेलं असतं आणि कुठले महिने रिकामं. निधी, पाण्याचे टँकर, पंचायतीच्या जागा, सगळं या आकड्यावर चालतं. १,५०० पर्यंत सात सदस्य, १,५०१ ते ३,००० ला नऊ, असं ते वाढत जातं, आणि त्यासाठी शेवटच्या जनगणनेचाच आकडा धरतात.

आत्ताचा आकडा हवा असेल तर

मतदार यादीवरून काढू नका, त्यात १८ च्या खालचे नाहीत आणि मुंबई-पुण्याला गेलेले कित्येक आहेत. रेशनकार्डावरून नको, लग्न करून गेलेल्या पोरींची नावं कमी केलेली नसतात. गावातल्या माणसांचा सगळ्यात ताजा हिशोब असतो तो अंगणवाडी ताई आणि आशा ताईंच्या रजिस्टरमध्ये, त्या दरवर्षी घरोघर फिरतात, नवीन सून आली, बाळ झालं, कोणी वारलं, सगळं त्यांच्याकडे असतं. रजिस्टर त्यांनी तुम्हाला हातात द्यावं असं नाही, त्यात लोकांची खासगी माहिती असते, पण वस्तीनुसार बेरीज त्या सांगू शकतात, ग्रामपंचायतीमार्फत रीतसर मागा आणि ताईंचं नाव-श्रेय त्यांना विचारून लिहा.

स्वतः मोजायचं ठरवलं तर घर म्हणजे काय ते आधी पक्कं करा. जनगणनेचा नियम आपल्या लोकांना लगेच कळतो, एक चूल म्हणजे एक कुटुंब. एका वाड्यात तीन भाऊ राहतात पण चुली तीन, म्हणजे तीन कुटुंबं. रेशनकार्डं दोन आहेत पण जेवण एकत्र, म्हणजे एकच. मग एक तारीख ठरवा, सहा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहतो तो गावचा असा काहीतरी एक नियम ठरवा, आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. तीनशे घरांचं गाव दोघा-तिघांनी रोज संध्याकाळी फिरलं तर पंधरा-वीस दिवसांत होतं.

आता भाषा

जनगणनेत भाषेचे आकडे कुठपर्यंत मिळतात, तर तालुक्यापर्यंत. 'सी १६' नावाचा तक्ता आहे, मातृभाषेनुसार लोकसंख्या, त्यात तालुक्याचा ग्रामीण आणि शहरी भाग वेगळा केलेला आहे. गाववार मातृभाषा छापतच नाहीत. म्हणजे एखाद्या गावाच्या माहितीत भाषेची टक्केवारी दिसली तर ती कुठून आली ते विचारा.

तरी तो तक्ता उघडा, तालुक्याच्या ग्रामीण भागात काय काय बोललं जातं याचा अंदाज येतो. वाचायची रीत अशी, ज्या कोडच्या शेवटी तीन शून्य आहेत ती मोठी भाषा, आणि तिच्याखाली तिच्यात टाकलेल्या मातृभाषा. आणि हे 'टाकलेल्या' फार महत्त्वाचं आहे. तांड्यावरची गोरमाटी म्हणजे बंजारा भाषा हिंदीच्या खाली मोजली जाते. गोंदिया-भंडाऱ्याची पोवारीही हिंदीतच. मालवणी कोकणीच्या खाली. कैकाडी तमिळच्या खाली, वडारी तेलुगूच्या खाली. वारली, पावरी, मावची भिलीच्या खाली. अहिराणी खानदेशीच्या खाली, आणि ती मराठीपासून वेगळी. म्हणजे नुसती वरची ओळ वाचून 'आमच्या तालुक्यात हिंदी बोलणारे इतके' असं कोणी लिहिलं तर ती खरं तर बरेचदा तांड्यावरची माणसं असतात, आणि ती माणसं हिंदी कधी घरात बोलतही नाहीत.

शिवाय देशभरात १०,००० पेक्षा कमी लोक बोलतात ती भाषा वेगळी छापत नाहीत. २०११ ला लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली होती, त्यातून गाळून, जुळवून १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि शेवटी तक्त्यात १२१ भाषा उरल्या, २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या आणि ९९ बाहेरच्या. मराठी त्यात ८,३०,२६,६८० लोकांची, देशात तिसरी. पण बुलडाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारी माणसं आहेत, कुठल्याच भाषाकुळात न बसणारी भाषा, जगात तिच्या नात्याची दुसरी नाही, आणि या १२१ मध्ये ती नाही. अशी भाषा फक्त गावाच्या वहीतच टिकणार, तुम्ही लिहिली तर.

विचारायचं कसं

'तुमची मातृभाषा कोणती' असं विचारू नका. सगळे 'मराठी' म्हणतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषेचा रकाना असतो, दाखल्यावरही येतो, तिथे गुरुजींनी वर्षानुवर्षं मराठी लिहिलंय आणि लोकांना वाटतं तेच उत्तर बरोबर आहे.

आमच्या शिवारातल्या तांड्यावर एका आजीला मी असंच विचारलं होतं, वही हातात, पेन उघडं. आजी म्हणाल्या, मराठीच की बाबा, दुसरं काय. मी लिहिलं मराठी. तेवढ्यात आतून नात आली, आजी तिच्याशी काहीतरी बोलल्या, मला एक अक्षर कळलं नाही, नातीने मान हलवून पाण्याचा तांब्या आणला आणि 'याडी' म्हणून आत हाक मारली, आईला चहा ठेव म्हणून. मी लिहिलेलं खोडलं. मग विचारलं, आजी आत्ता काय बोललात ही कुठली भाषा? त्या हसल्या, म्हणाल्या, ही? ही आमची गोरमाटी, ती कुठं कागदावर लिहितात का.

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलले. आता असं विचारतो: तुमची आजी तुमच्याशी काय बोलायची? बाळाला झोपवताना काय बोलता? राग आला की कुठली भाषा तोंडात येते? माहेरी फोन लागला की कशात बोलता? बाजारात, दवाखान्यात, सोसायटीत काय? पोरं आपसात खेळताना काय बोलतात? यातली दोन-तीन उत्तरं मिळाली तरी चित्र उभं राहतं. जनगणनेची व्याख्या पण खरं तर हेच म्हणते, लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा.

वहीत एका घरासाठी तीन ओळी ठेवा, आजी-आजोबा, आई-बाप, पोरं. आणि कोण कोणाशी काय बोलतं ते लिहा. आजी-नात गोरमाटी, आई-मुलगा मराठी, असं. याच तीन ओळींत भाषा टिकतीय की सुटत चाललीय ते दिसतं, कारण जिथे आजी बोलते, आई समजते पण बोलत नाही आणि पोराला समजतही नाही, तिथे एका पिढीचा वेळ उरलाय. असं घर दिसलं की मला तर तिथून उठवत नाही.

सुनांना वेगळं विचारा, आणि शक्य असेल तर बाईनेच विचारा, काकू, मावशी, वहिनी म्हणून बसून. गावात बाहेरची भाषा सगळ्यात जास्त त्याच आणतात. अक्कलकोट, जतच्या बाजूला कन्नड बोलणारी सून मराठी घरात येते, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, नवापूर-तलासरीकडे गुजराती, आणि वीस वर्षांनी त्या घरातली पोरं दोन्ही बोलतात पण सासरे 'आमच्यात फक्त मराठी' म्हणून सांगतात. मुस्लिम घरांत उर्दू असं सांगतात, पण घरात बोलतात ती दखनी असू शकते, किंवा गावासारखीच मराठी, तेव्हा समजून न घेता धर्मावरून भाषा लिहायची नाही. जातीवरूनही नाही. कोळी म्हणून अमुक, वडार म्हणून तमुक असं घरात बसून ठरवलं तर वही फाडून टाकलेली बरी.

नाव लोक सांगतील तेच लिहा. एकच बोली एका वस्तीत बंजारा, दुसरीकडे गोरमाटी, तिसरीकडे लमाणी म्हणून सांगतील, तिन्ही नावं लिहा, जुळवाजुळव नंतर. आणि 'अशुद्ध मराठी', 'गावठी', 'आमचं काही खरं नाही' अशी उत्तरं येतात, ती कागदावर घेऊ नका, हळूच विचारा की शुद्ध नाही तर मग तुम्ही म्हणता कसं, एक-दोन वाक्यं बोलून दाखवा.

शब्दांची छोटी यादी सोबत ठेवा

पाणी, चूल, भाकरी, आई, बाप, मी, तू, काल, उद्या, एक ते दहा, मी जातो, तू कुठे निघालास, मला भूक लागली. वीस-पंचवीस पुरेत. मोबाईलवर विचारून रेकॉर्ड करा, न विचारता करू नका. या साध्या शब्दांतूनच फरक कळतो. मला-तुलाचं वऱ्हाडात मले-तुले होतं आणि मालवणीत माका-तुका, 'आहे' साठी अहिराणीत 'शे' येतं. हा जवळच्या नात्यातला फरक. पण मेळघाटात कोरकू माणूस पाण्याला 'डा' म्हणतो आणि गडचिरोलीत गोंडी माणूस 'येर', तिथे मराठीशी नातंच नाही, कोरकू मुंडा कुळातली आणि गोंडी द्राविडी, एकाच राज्यातल्या दोन गावांत पूर्ण वेगळी घराणी. शब्द लिहिताना ऐकू येतं तसं लिहा, व्याकरण सुधारू नका, आणि कोणी सांगितलं, वय किती, कुठली वस्ती एवढं शेजारी टाका.

मराठीच्या बोलींचं मोठं सर्वेक्षण डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलंय, त्यात वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या गावांत जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलंय. ते ऐकलं की कसले प्रश्न विचारायचे याची चांगली कल्पना येते. आपल्याला भाषाशास्त्र शिकायची गरज नाही, कान उघडे ठेवले तरी बस.

गावाला विश्वासात घ्या

घरोघर वही घेऊन फिरलं की लोकांना वाटतं रेशन कापणार, नाहीतर घरकुलाची यादी आलीय. म्हणून आधी ग्रामसभेत उभं राहून सांगा काय करतोय आणि कशासाठी, १ मे किंवा १५ ऑगस्टची ग्रामसभा बरी पडते. आधार नंबर, फोन नंबर, उत्पन्न, यातलं काही विचारू नका, आपल्याला नकोच आहे. आणि छापताना एक काळजी घ्या, गावात कैकाडी बोलणारं एकच घर असेल तर '१ घर, कैकाडी' असं लिहिलं की सगळ्यांना कळतं कोण ते. त्या घराला विचारा, त्यांना चालत असेल तर अभिमानाने लिहा, नको म्हणाले तर 'इतर' मध्ये टाका.

जनगणनेत आपल्या घराने काय सांगितलं होतं ते बघायला मिळेल का असं मला दोघांनी विचारलं. नाही मिळत. जनगणना कायदा १९४८ प्रमाणे घरोघरची पत्रकं गोपनीय असतात, फक्त बेरजा बाहेर येतात.

मग लिहायचं कसं

वर्ष, हद्द आणि कोणी मोजलं, या तिन्हीशिवाय आकडा लिहायचा नाही. वरच्याच काल्पनिक गावाचं बघा: "२०११ च्या जनगणनेनुसार महसुली गावाची लोकसंख्या १,२४० (पुरुष ६३४, महिला ६०६), घरं २६२. यात गावठाण, दोन वाड्या आणि तांडा येतो. दिवाळी ते मार्च सुमारे ६० घरं ऊसतोडीला बाहेर असतात. गावठाणात आणि वाड्यांवर मराठी बोलतात. तांड्यावरच्या सगळ्या घरांत मोठी माणसं आपसात गोरमाटी आणि गावाशी मराठी बोलतात, दहा वर्षांखालच्या बऱ्याच मुलांना गोरमाटी कळते पण ती उत्तर मराठीत देतात. तीन घरांत सुनांची माहेरची भाषा कन्नड आहे. भाषांची माहिती गावातल्या लोकांनी घरोघर विचारून गोळा केली." एवढ्याशा परिच्छेदात 'लोकसंख्या १,२४०, भाषा मराठी' पेक्षा किती जास्त गाव दिसतं बघा.

टक्केवारी शक्यतो टाळा, लहान गावात घरं मोजून सांगितलेली चांगली. आणि 'सर्व', 'फक्त', 'शंभर टक्के' हे शब्द प्रत्येक दारात गेला असाल तरच वापरा. लिहून झालं की तांड्यावर, वाडीवर जाऊन मोठ्याने वाचून दाखवा, छापण्याआधी. आमच्या वेळी वाचताना एका मावशीने दोन चुका काढल्या, एक वस्ती राहूनच गेली होती.

पुढच्या जनगणनेआधी

पुढच्या मोजणीचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे पुन्हा ऊसतोडीच्या दिवसांत. फडावर असाल तर तिथल्या प्रगणकाकडे नोंद झाली का ते विचारून घ्या, नाहीतर माणूस ना इथे ना तिथे. आणि मातृभाषेचा प्रश्न आला की लहानपणी आई जी बोलायची तिचंच नाव सांगा, मुलासाठी, सुनेसाठी, सासूसाठी वेगवेगळं असेल तर वेगवेगळं सांगा. प्रत्येक माणसाची मातृभाषा वेगळी लिहायची असते, कुटुंबाला एकच असा नियम नाही, आणि सांगाल तेच प्रगणकाने लिहायचं असतं. तुम्हाला येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारतात, मराठी तिथे लिहिता येते, त्यामुळे गोरमाटी किंवा कोरकू सांगितली म्हणून मराठी सुटत नाही. हे आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जाऊन आत्ताच सांगून ठेवा, फेब्रुवारीत दारात प्रगणक उभा असताना सांगायला वेळ नसतो.